धडक देणाऱ्या गाडीला विमाच नव्हता: क्लेमचा माझा अनुभव

मागून धडक देणाऱ्या कारचा नंबर एमपरिवहन या सरकारी ॲपवर टाकला, तर विम्याची मुदत संपलेली. त्या पानाचा स्क्रीनशॉट मी जागेवरच काढला. अपघातानंतर घाईघाईने ऑनलाइन पॉलिसी काढून "विमा होता" म्हणता येतं. पण पॉलिसीवर सुरू होण्याची तारीख आणि वेळही असते, ती अपघाताच्या वेळेशी ताडून बघायची.

आता पैसे एक तर आपल्या पॉलिसीतून, नाहीतर त्या गाडीच्या मालकाकडून. आपल्याकडे नुसतं थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीपुरता विमा) असेल, तर आपल्या गाडीच्या दुरुस्तीला त्यातून एक रुपयाही नाही. फुल इन्शुरन्स असेल तर ओन डॅमेज (आपल्या गाडीच्या नुकसानीचा) क्लेम टाकायचा आणि विमा कंपनीचा सर्व्हेअर बघून जाईपर्यंत गॅरेजवाल्याला काही खोलू द्यायचं नाही. झिरो डेप (झीज न कापण्याचं जादा कव्हर) नसेल तर प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरीचे निम्मेच मिळतात, काचेचे मात्र पूर्ण. ८,००० चा बंपर ४,००० वर येतो. वर १५०० सीसीपर्यंतच्या कारला १,००० ची सक्तीची वजावट.

क्लेम टाकण्याआधी एनसीबीचा, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचा हिशेब करा, चूक आपली नसली तरी तो जातोच. ५० टक्क्यांवरून शून्यावर आलात, की पुढे २०, २५, ३५, ४५ अशी पायरी पायरीने चढण. ओन डॅमेजचा मूळ हप्ता १०,००० कायम धरला, तर ५० वर परतेपर्यंत तोटा ५,००० + ३,००० + २,५०० + १,५०० + ५००, म्हणजे १२,५००. एनसीबी प्रोटेक्ट (क्लेमनंतरही ही सवलत टिकवणारं जादा कव्हर) नसेल तर छोटा क्लेम अंगावरच येतो.

दुखापतीचं वेगळं. मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात कव्हर मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी आहे. साध्या फ्रॅक्चरला त्यातून काही नाही. २०२५ च्या कॅशलेस योजनेत संलग्न रुग्णालयात ७ दिवसांत दीड लाखापर्यंत उपचार होतात, पुढे आपला मेडिक्लेम. धडक देऊन पळालेली गाडी सापडली नाही तर मिळणारे हिट अँड रनचे ५०,००० किंवा २ लाख इथे लागू नाहीत, कारण ती गाडी सापडलेली असते.

मालकाविरुद्ध मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जायचं. कायद्यातली मुदत सहा महिने, आणि आपण राहतो तिथेही अर्ज चालतो. निकाल लागला तरी वसुली अवघड, म्हणून खरी पकड पोलिसांनी जप्त केलेल्या गाडीवर. कोणी जखमी असेल तर विमा नसलेली गाडी मालकाने हमी दिल्याशिवाय सुटू नये, असा नियम आहे. "आपसात मिटवू" म्हणून पंचनामाच टाळला, की ही पकड गेली.

मेडिक्लेमने दिलेली रक्कम भरपाईतून वजा करता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने मार्च २०२५ मध्ये सांगितलं आहे. तीच बिलं न्यायाधिकरणातही दाखवावी लागतात, म्हणून मूळ बिलं विमा कंपनीकडे देण्याआधी प्रत्येक पानाची झेरॉक्स काढून त्यावर पोच घ्या.