चवळीची प्लेट टाकू नकोस

मुंबईतल्या आमच्या कॉलेजात रायझोबियमच्या, म्हणजे शेंगवर्गीय झाडांच्या मुळांवरच्या गाठींत राहून हवेतला नायट्रोजन झाडाला वापरता येईल असा करून देणाऱ्या (स्थिर करणाऱ्या) जिवाणूंच्या, प्रॅक्टिकलला नेहमी मेथी वापरतो. बाजारात मुळांसकट जुडी मिळते, माती झटकली की गाठी दिसतात. यंदा वसईहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने घरच्या वाडीतली चवळीची रोपं ओल्या फडक्यात गुंडाळून, लेडीज डब्यातल्या गर्दीतून जपून आणली. गाठी चांगल्या टपोऱ्या होत्या. ब्लेडने एक कापली, तर आतून लालसर गुलाबी. सगळी मुलं टेबलाभोवती जमली. हा रंग लेगहीमोग्लोबिन या प्रथिनाचा. नायट्रोजन स्थिर करणारं नायट्रोजिनेज हे विकर ऑक्सिजनने निकामी होतं, पण जिवाणूंना श्वसनासाठी ऑक्सिजन तर हवाच. लेगहीमोग्लोबिन तो बेताबेताने पुरवतं. हिरवट पडलेली गाठ मी घेऊ देत नाही, तिचं काम संपलेलं असतं.

गाठी हायपोक्लोराइटने निर्जंतुक केल्या, धुतल्या, चिरडल्या आणि यीस्ट एक्स्ट्रॅक्ट मॅनिटॉल अगार या जिवाणू वाढवायच्या माध्यमाच्या प्लेटवर रेघा ओढून पसरल्या (स्ट्रीक केल्या). माध्यमात ब्रोमोथायमॉल ब्लू हे आम्लात पिवळं आणि अल्कलीत निळं होणारं सूचक होतं. तापमान २८ अंश. मुंबईच्या ऑक्टोबरात खोलीच त्याहून गरम, म्हणून थंडही ठेवू शकणारा बीओडी इन्क्युबेटर.

सोमवारी मेथीच्या प्लेटवर बुळबुळीत, फुगीर कॉलनीज आल्या होत्या आणि हिरवं माध्यम पिवळं पडलं होतं. चवळीची प्लेट कोरी. पोरीचा चेहरा उतरला. "मॅडम, माझं काहीच आलं नाही. ऑटोक्लेव्ह करून टाकून देऊ?"

"अगं, थांब. हिला अजून आठवडा दे."

मेथीतले जिवाणू भराभर वाढतात आणि आम्ल सोडतात, म्हणून पिवळा रंग. चवळीत बहुधा ब्रॅडीरायझोबियम हा सावकाश वाढणारा जिवाणू असतो. त्याला दिसण्याजोगी कॉलनी करायलाच ५ ते ७ दिवस लागतात. मुलांना हे पाठ असतं, पण कोरी प्लेट हातात आली की पाठांतर टिकत नाही.

पुढच्या आठवड्यात तीच धावत आली. प्लेटवर टाचणीच्या टोकाएवढ्या कॉलनीज, आणि भोवतीचं माध्यम निळं! अल्कली तयार झालं होतं. ग्रॅम स्टेनिंग या जिवाणू रंगवून त्यांचा गट ओळखायच्या पद्धतीत गुलाबी दंडगोल, म्हणजे ग्रॅम-निगेटिव्ह. काँगो रेड हा लाल रंग घातलेल्या प्लेटवरही त्या पांढुरक्याच राहिल्या. हे जिवाणू तो रंग फारसा शोषत नाहीत. मला मनापासून आनंद झाला.

तरी एवढ्यावर नाव लावायचं नाही, हे मी तिला बजावलं. आता निर्जंतुक वाळूत चवळी पेरून तिच्या मुळांशी हे कल्चर घातलंय. शेजारच्या कुंडीत मेथीलाही तेच दिलंय. तिथे गाठी येऊ नयेत, कारण मेथीचा जोडीदार एन्सिफर मेलिलोटी हा वेगळाच जिवाणू आहे.