तुम्ही विचारलंत म्हणून: मिशिगनला समुद्र आहे का?

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या बीचचा फोटो टाकला की ठरलेला प्रश्न येतो, "अरे, मिशिगनला समुद्र कुठून आला?" नाहीये समुद्र. ती तळी आहेत, पण ठाण्याची तलावपाळी डोळ्यासमोर आणू नका, इथे समोरचा काठच दिसत नाही, लाटा आहेत, वाळूचे डोंगर आहेत, दीपगृहं आहेत, फक्त पाणी गोडं. उत्तर अमेरिकेतल्या पाच महाकाय तळ्यांपैकी, म्हणजे ग्रेट लेक्सपैकी, चार या राज्याला लागून आहेत, त्यातलं एकटं सुपिरिअर साधारण 82,000 चौरस किलोमीटर, म्हणजे पाव महाराष्ट्राहून मोठं. राज्याच्या हद्दीतला 40 टक्क्यांहून जास्त भाग पाणीच आहे.

पाण्यानेच राज्याचे दोन तुकडे केलेत. खालचा ओळखायला सोपा, उजव्या हाताचा तळवा स्वतःकडे धरा, झाला नकाशा. इथले लोक गाव विचारलं की खरंच तळव्यावर बोट ठेवून दाखवतात. डेट्रॉइट अंगठ्याच्या बुडाशी, राजधानी लान्सिंग मधोमध. आणि गंमत म्हणजे डेट्रॉइटहून नदीपलीकडचं कॅनडाचं विंडसर चक्क दक्षिणेला आहे.

वरचा तुकडा खरं तर जमिनीने शेजारच्या विस्कॉन्सिन राज्याला चिकटलेला, मग तो मिशिगनचा कसा? त्याचं असंय की टोलेडो शहराच्या पट्ट्यावरून शेजारच्या ओहायो राज्याशी भांडण लागलं, 1835 मध्ये दोन्हीकडून फौजा निघाल्या, लढाई अशी काही झालीच नाही, शेवटी टोलेडो सोडा तरच राज्य म्हणून घेऊ असं वॉशिंग्टनने सुनावलं आणि बदल्यात हा वरचा भाग दिला. लोक चिडले, ओसाड जंगल गळ्यात मारलं म्हणून. पुढे तिथे तांबं आणि लोखंड निघालं! तर या सौद्यानंतर 26 जानेवारी 1837 ला मिशिगन 26 वं राज्य झालं (हो, आपल्या प्रजासत्ताक दिनाचीच तारीख). दोन तुकडे जोडणारा आठेक किलोमीटरचा मॅकिनॉ पूल मात्र 1957 मध्ये आला, तोवर गाड्या बोटीतून न्यायच्या.

राज्यपक्षी रॉबिन, फूल सफरचंदाचं, ते ठीक. टोपणनाव वुल्व्हरिन स्टेट, वुल्व्हरिन म्हणजे छोट्या अस्वलासारखा दिसणारा एक प्राणी, आणि तो इथे जवळपास दिसतच नाही. मला आवडतो तो राज्याचा दगड, पेटोस्की स्टोन, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या प्रवाळाचा जीवाश्म. कोरडा असताना साधा करडा गोटा, ओला केला की षटकोनी नक्षी उमटते. बीचवर लोक खाली मान घालून फिरताना दिसले ना माझ्या फोटोत, ते हेच शोधत होते.