रात्री दोन वाजता ८५ अंश

गेल्या जानेवारीतली गोष्ट. पुरंदरला दादाच्या शेतावर गावरान कोंबडीची एका दिवसाची १५० पिल्लं आणली होती. पहिला आठवडा त्यांना ३५ अंशांची ऊब लागते, मग दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी करत जायचं. पिल्लामागे दोन वॅट या हिशोबाने शंभर-शंभरचे तीन बल्ब. वहिनी रात्रीतून तीनदा उठून बघायच्या, बल्ब खाली-वर करायच्या. ते बघवेना, म्हणून मी पुण्यात परत आल्यावर तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून तापमान मोजणाऱ्या डीएस१८बी२० सेन्सरचा छोटा बोर्ड, अर्डुइनो (कोड टाकून चालवायचा छोटा संगणक) आणि रिले (विजेने चालणारा स्विच) घेतला. ऊब बघून बल्ब आपोआप चालू-बंद व्हावेत म्हणून हे सगळं घेऊन पुढच्याच रविवारी शेतावर गेलो.

हा सेन्सर मला मनापासून आवडतो. दिसायला साध्या ट्रान्झिस्टरसारखा, काळा, तीन पायांचा. पूर्वी मी एलएम३५ हा सेन्सर वापरायचो. तो अंशाला १० मिलिव्होल्ट देतो, आणि लांब वायर टाकली की त्यात गोंगाट मिसळून आकडा नाचायला लागतो. हा आतल्या आतच मोजतो आणि आकडा करून पाठवतो, तोही एकाच डेटा वायरीवरून. प्रत्येक नगाला ६४ बिटांचा स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे त्याच वायरीवर आणखी चार लावले तरी कोण बोलतंय ते कळतं. डॅलस सेमीकंडक्टरची ही करामत. ती कंपनी २००१ साली मॅक्सिममध्ये गेली, मॅक्सिम २०२१ मध्ये अ‍ॅनालॉग डिव्हायसेसकडे गेली, तरी हा सेन्सर वाचणाऱ्या अर्डुइनोच्या लायब्ररीचं (तयार कोडचं) नाव अजून डॅलसटेम्परेचरच आहे.

सुटा सेन्सर न घेता बोर्ड घ्या, असं मी नव्याने शिकणाऱ्या मुलांना नेहमी सांगतो. डेटा आणि पॉझिटिव्ह यांच्यामध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लागतोच. बोर्डवर तो '४७२' असं लिहिलेला, बसवलेलाच येतो. शिवाय पिनांची नावं छापलेली असतात. सुटा सेन्सर घाईत उलटा लागला, तर बोटाला चटका बसेल इतका तापतो.

शेतावर नेण्याआधी घरी थर्मासमध्ये बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी घेतलं, बोर्ड दोन पिशव्यांत गुंडाळून आत सोडला आणि वीस मिनिटं थांबलो. शून्य यायला हवं, ०.३१ दाखवत होता. कंपनी उणे १० ते ८५ अंशांपर्यंत अर्ध्या अंशाची हमी देते, त्यात हे बसतं. १२ बिटांवर तो ०.०६२५ अंशाच्या पायरीने मोजतो म्हणून पडद्यावर दशांशाचे आकडे दिसतात. ते पायरीचे आकडे आहेत, अचूकतेचे नाहीत, हे डोक्यात पक्कं ठेवायचं.

बोर्ड कुठे बांधायचा हे मात्र वहिनींनी ठरवलं. मी बल्बच्या उंचीवर लावत होतो. त्या म्हणाल्या, "भाऊजी, पिल्लू काय हवेत राहतं का?" मग खाली पसरलेल्या तुसापासून दोन इंचांवर, पिल्लाच्या पाठीच्या उंचीला बांधला.

सहा दिवस छान गेले. सातव्या रात्री दोन वाजता फोन. "भाऊजी, दिवे लागतात न् लगेच जातात. पिल्लं एकमेकांवर चढायला लागलीत." बाहेर ११ अंश. मी फोनवरून रिले काढून बल्ब थेट जोडायला सांगितले. दादाने जोडले, पण तोवर कोपऱ्यात ढीग झाला होता. सकाळी खालची ११ पिल्लं गेलेली.

दुसऱ्या दिवशी मी तिथे बसून नोंदी काढल्या. मधूनमधून एकच आकडा: ८५.००. ना ८४.९४, ना ८५.०६. तेव्हा उलगडलं. वीज मिळाल्यावर पहिलं माप पुरं होईपर्यंत हा सेन्सर ८५ हाच आकडा धरून बसलेला असतो, डेटाशीटमध्येच तसं लिहिलंय. १२ बिटांच्या मापाला ७५० मिलिसेकंद लागतात, आणि तेवढ्यात त्याची वीज क्षणभर गेली की माप पुसतं आणि वाचताना ८५ हातात येतो.

वीज का जात होती? रिले आणि सेन्सर, दोघांचे पाच व्होल्ट मी एकाच बारीक वायरीतून नेले होते, मध्ये पीळ मारून टेप लावलेला जोड. टेप सोडवला तर तांबं काळंनिळं पडलेलं, दोन केसांवर सगळं तग धरून होतं. तूस आणि विष्ठेतून अमोनिया सुटतो, तो तांबं खातो. त्यातून कोडमध्ये मी आधी मोजायला सांगून मग रिले हलवत होतो. म्हणजे रिले चालू झाला की व्होल्टेज पडायचं, सेन्सर ८५ म्हणायचा, कोड बल्ब बंद करून दहा मिनिटं थांबायचा. मग पुन्हा तेच. रात्रभर.

त्याहून भीतीची गोष्ट नंतर लक्षात आली. सेन्सरची वायर तुटली की लायब्ररी −१२७ परत देते. माझ्या कोडला ती कडाक्याची थंडी वाटली असती. पिल्लं बाजूला काढून मी मुद्दाम वायर उपटून पाहिली. बल्ब अखंड जळत राहिले, शेजारचा पाऱ्याचा थर्मामीटर ४१ वर गेला तेव्हा प्लग काढला. खाली भाताचं कोरडं तूस होतं.

आता रिलेला वेगळा अडॅप्टर आहे, सगळे जोड झाळून त्यांवर नळी चढवलीय, क्षणभराची वीज सांभाळायला सेन्सरच्या पायाशी १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर. कोड आधी रिले हलवतो, दोन सेकंद थांबतो, मग मोजतो. ८५ किंवा −१२७ आला तर तो आकडा टाकून देऊन पुन्हा विचारतो. सलग तीनदा आला तर दोन बल्ब बंद आणि घरात बझर. तिसरा बल्ब रिलेवर नाहीच, तो सदैव चालू.

मार्चमध्ये दुसरी बॅच आली. बझर एकदाच वाजला, उंदराने वायर कुरतडली तेव्हा. वहिनी अजूनही झोपण्याआधी एकदा जाऊन कान देऊन ऐकतात. बारीक, सावकाश चिवचिव असेल तर पडद्याकडे न बघता परत येतात.