बारावी खुर्ची

पवित्र गुरुवार, रात्री साडेअकरा

आज माझे पाय धुतले गेले. खरं म्हणजे एकच, उजवा. येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी आपल्या शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून या दिवशी चर्चमध्ये फादर बारा जणांचे पाय धुतात.

बारा जणांत तुम्हीही आहात, असं फादरांनी झावळ्यांच्या रविवारी सांगितलं तेव्हापासून डोक्यात दुसरा विषय नव्हता. माझ्या टाचा! भेगाळलेल्या, काळवंडलेल्या. त्या चारचौघांत उघड्या करायच्या? आज संध्याकाळी न्हाणीघरात पाट टाकून बसलो आणि वज्रीने टाचा लाल होईपर्यंत घासल्या. नखं कापली, दोनदा साबण लावला, वर थोडं खोबरेल. बायको दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "अहो, सगळं इथंच उरकलंत तर फादर तिकडे धुणार काय?"

या नादात उशीर झाला. पोचलो तर अकरा खुर्च्या भरलेल्या. उरलेली बारावी खुर्ची कुणालाच नको असते, कारण ती येशूला धरून देणाऱ्या यहूदाची, अशी आमच्याकडे दरवर्षी थट्टा चालते. बसलो.

फादरांचे गुडघे आता साथ देत नाहीत. प्रत्येक खुर्चीपुढे एक हात जमिनीवर टेकून ते खाली बसत, आणि उठताना वेदीसेवक पोराचा खांदा धरत. माझ्यापर्यंत आले तेव्हा त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. त्यांनी माझी टाच तळहातावर घेतली, तांब्यातलं गार पाणी सोडलं आणि बोटांच्या बेचक्यांतून टॉवेल फिरवला, आई लहान मुलाला पुसते तसा. मी पाय मागे ओढणारच होतो. लाज वाटली म्हणून नव्हे. आपल्यापेक्षा मोठा माणूस खाली आणि आपण वर, हे अंगाला सोसेना.

येशू पाय धुवायला आला तेव्हा त्याचा शिष्य पेत्र याचं तेच झालं असणार. "माझे पाय तू कधीही धुणार नाहीस," असं तो म्हणाला त्याला आपण नम्रपणा समजतो. मला आज ती अडवणूक वाटली. राजाने, म्हणजे येशूने, कसं वागावं हे पेत्रच ठरवून बसला होता. राजा सिंहासनावर असला की पेत्रालाही दरबारात जागा मिळते. राजाच जमिनीवर बसला तर पेत्राने कुठे बसायचं?

आणि यहूदा. योहानाच्या शुभवर्तमानात यहूदा उठून रात्रीच्या अंधारात बाहेर जातो तो पाय धुऊन झाल्यावर. म्हणजे त्या परातीत त्याचेही पाय होते, आणि काही तासांनी हाच आपल्याला धरून देणार हे धुणाऱ्याला ठाऊक होतं. धुताना हात जरासे जोरात चालले असतील का, असला विचार माझ्यासारख्याच्या मनात येतो. कारण माझे चालले असते.

घरी आल्यावर तेरावा अध्याय पुन्हा काढला. इतकी वर्षं ऐकूनही एक वाक्य निसटलं होतं. पित्याने सगळं आपल्या हाती दिलं आहे हे येशूला माहीत होतं, असं योहान आधी सांगतो, आणि लगेच पुढे: तो जेवणावरून उठला, बाहेरची वस्त्रं काढून ठेवली, कमरेला रुमाल बांधला. माहीत असूनही धुतले, असा सूर तिथे नाही. माहीत होतं म्हणून धुतले, असाच तो वाचावा लागतो. सगळं हाती आल्यावर त्याने त्या हातांत पहिल्यांदा काय घेतलं, तर पाय.

आपण म्हणतो, "माझ्या हाताखाली सात माणसं आहेत." मी म्हणतो, कार्यालयात रोज. त्याचे हात माणसांच्या पायांखाली होते.

झोप येत नाही. उजवा पाय अजून गार लागतोय, की तसं वाटतंय नुसतं?

शुभ शुक्रवार, दुपार

उपास. तीनच्या उपासनेला अजून वेळ आहे. कालचं डोक्यातून जात नाही म्हणून ख्रिस्ती राजांनी त्या परातीचं काय केलं हे आठवत बसलो.

व्हिएन्नात सम्राट फ्रान्झ योझेफ दर पवित्र गुरुवारी बारा म्हाताऱ्या गरिबांचे पाय धूत असे, सगळ्या दरबारासमोर. पाय आधीच स्वच्छ करून आणलेले असत. हे आठवलं आणि कालची वज्री आठवून मला एकट्यालाच हसू आलं. इंग्लंडमध्ये पहिल्या एलिझाबेथसमोर पाय येण्याआधी तिच्या नोकरांनी ते धुतलेले असत, आणि वास येऊ नये म्हणून सुगंधी पाला-फुलं जवळ असत. पुढे धुणं बंदच पडलं आणि नाणी वाटणं उरलं: राजाचं जेवढं वय तेवढे पुरुष आणि तेवढ्याच स्त्रिया. पाण्यापेक्षा पैसा बरा, हात ओले होत नाहीत.

फ्रान्सचा नववा लुई मात्र मनापासून करणारा वाटतो. जोआंव्हील नावाचा त्याचा सरदार स्वतःच लिहून गेला आहे. राजाने त्याला विचारलं, पवित्र गुरुवारी गरिबांचे पाय धुतोस का? तो म्हणाला, छे, त्या गावंढळांचे पाय मी कधीच धुणार नाही. राजाने सुनावलं: देवाने आपल्याला शिकवण्यासाठी जे केलं त्याचा तिटकारा करू नकोस. वाचायला छान वाटतं. पण याच लुईच्या राज्यात १२४२ साली पॅरिसमध्ये तालमूद या ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या हस्तलिखित प्रती गाड्या भरभरून आणून जाळल्या. १२९७ मध्ये चर्चने लुईला संत म्हणून जाहीर केलं. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की मला पुढे बोलता येत नाही. गरिबांच्या पायांशी बसलेल्या राजाला ज्यूंचे अश्रू दिसले नाहीत, एवढंच म्हणतो.

येशूने या प्रकारची टर आधीच उडवून ठेवली आहे, आणि तीही शेवटच्या भोजनाच्याच मेजावर. आपल्यात मोठा कोण, यावरून शिष्यांची तिथेही जुंपली होती. तो म्हणाला, परराष्ट्रीयांचे राजे त्यांच्यावर सत्ता गाजवतात आणि वर उपकारकर्ते म्हणवून घेतात. ही काही हवेतली गोष्ट नव्हती. इजिप्तच्या टॉलेमी घराण्यातल्या दोन राजांनी 'एव्हेर्गेतीस', म्हणजे उपकारकर्ता, ही पदवीच लावून घेतली होती. त्यातला दुसरा, आठवा टॉलेमी, इतका क्रूर निघाला की लोकांनी अक्षरं फिरवून त्याला 'काकेर्गेतीस' केलं, म्हणजे दुष्कर्मी. प्रजा कुठलीही असो, टोपणनाव ठेवण्यात चुकत नाही. माझंही कार्यालयात काहीतरी असणारच.

आता मुद्द्यावर येतो. कालपासून तोच टाळतोय.

आमच्या विभागातला एक मुलगा सोमवारी माझ्या टेबलापाशी आला. वडील अंथरुणाला खिळलेत, आठवड्यातून तीन दिवस तासभर लवकर जाऊ द्याल का, काम सकाळी लवकर येऊन भरून काढीन. मी मान वर न करता म्हणालो, "पुढच्या सोमवारी बघू." तो गेल्यावर दुसऱ्या विभागाच्या प्रमुखाला विचारलं. तो माझ्याच वयाचा, माझ्याच पायरीवरचा. म्हणाला, "एकाला दिलीत की उद्या रांग लागेल." मला हेच ऐकायचं होतं. शिवाय आत कुठेतरी हेही होतं की माझे वडील आजारी होते तेव्हा मला कुणी दिली होती सवलत?

रहबामाची गोष्ट मी रविवारच्या शाळेत मुलांना दोनदा शिकवली आहे. इस्राएलाचा राजा शलमोन गेल्यावर शखेमात लोक त्याच्या मुलाला, रहबामाला, म्हणाले, तुझ्या बापाने आमच्यावर भारी जू ठेवलं, ते हलकं कर, म्हणजे आम्ही तुझी चाकरी करू. तो म्हणाला, तीन दिवसांनी या. बापाच्या वेळच्या वडीलधाऱ्यांनी सल्ला दिला: आज तुम्ही या लोकांचे सेवक व्हाल तर हे कायमचे तुमचे होतील. राजा आणि सेवक हे दोन शब्द तिथे पहिल्यांदा इतके जवळ आले असतील. पण त्याने आपल्याबरोबर वाढलेल्या पोरांना विचारलं, आणि तिसऱ्या दिवसाचं उत्तर काय, तर माझी करंगळी माझ्या बापाच्या कंबरेपेक्षा जाड आहे. इस्राएलाच्या बारा वंशांतले दहा फुटले. वेठबिगारीवरचा अधिकारी लोकांनी दगडांनी ठेचला आणि राजा रथात उडी टाकून यरुशलेमेला पळाला.

त्याने तीन दिवस मागितले होते, मी सात.

आणखी एक शब्द आज टोचला. मनुष्याचा पुत्र, म्हणजे येशू, सेवा करून घ्यायला नाही तर सेवा करायला, आणि पुष्कळांसाठी आपला जीव 'खंडणी' म्हणून द्यायला आला, असं आपल्या मराठी पवित्र शास्त्रात आहे. खंडणी! लहानपणापासून ऐकल्यामुळे कान बोथट झालेत. आपल्या बोलीत खंडणी राजे वसूल करतात, नाहीतर गुंड. दुबळा भरतो, बलवान घेतो. लोक राजा मागू लागले तेव्हा शमुवेल संदेष्ट्याने त्यांना राजाविषयी बजावलं तेही हेच: तो तुमचे मुलगे घेईल, मुली घेईल, शेतं घेईल, दशमांश घेईल. सगळी 'घेईल'ची यादी. आणि इथे एक राजा आहे, जो खंडणी भरणाऱ्यांच्या रांगेत उभा आहे, आणि भरायला त्याच्याजवळ स्वतःशिवाय काही नाही.

रोमी सुभेदार पिलाताने क्रुसावर येशूच्या डोक्याशी तीन भाषांत पाटी लावली: यहुद्यांचा राजा. इब्री, लॅटिन, ग्रीक. लिहिणाऱ्याने चेष्टा म्हणून लिहिली, वाचणारे चिडले. खरी मानली ती शेजारी टांगलेल्या एका गुन्हेगाराने. "तू आपल्या राज्यात येशील तेव्हा माझी आठवण ठेव," असं तो म्हणाला. काट्यांचा मुकुट, उघडं अंग, खिळलेले हात, आणि या माणसाला त्यात राज्य दिसलं. पेत्राला स्वच्छ खोलीत, पोटभर जेवल्यावरही दिसलं नव्हतं.

घंटा झाली. निघतो.

शनिवार, संध्याकाळ

सकाळी ईस्टरच्या जागरणाच्या मिस्साची, म्हणजे आज रात्रीच्या उपासनेची, तयारी करायला गेलो होतो. मेणबत्त्या मोजणं, खुर्च्या लावणं वगैरे. चर्चच्या मागच्या बाजूला दोरीवर टॉवेल वाळत होते, ओळीने बारा. झाडलोट करणाऱ्या मावशी पाण्याची परात उलटी घालून पायरीवर बसल्या होत्या. गुरुवारी रात्री आम्ही सगळे एकमेकांना शुभेच्छा देत बाहेर पडलो, तेव्हा ते पाणी कुणी ओतलं असेल, हा प्रश्न मला पडला नव्हता. शास्त्रातही त्या पाण्याचं पुढे काय झालं ते लिहिलेलं नाही.

मी म्हटलं, "मावशी, बरेच धुवावे लागले."

"धुतेय कसले भाऊ, नुसते पिळून टाकले. सगळे कोरे करकरीत. पाय पुसलेत की पुस्तकं, कळत नव्हतं." मग शेवटच्या टॉवेलकडे बोट केलं. "तो एक सोडून. त्याला साबण लावला तरी डाग गेला नाही."

त्या टॉवेलच्या कडेला करड्या मातीचा पट्टा होता, अंगठ्याएवढा. कुणीतरी कामावरून थेट आलं असणार, आणि तसाच चपला काढून बसलं असणार. कोण, ते आठवत बसलो. बाराही चेहरे आठवले, पाय एकाचेही नाहीत. माझ्या टाचा आठवल्या, तेवढ्याच.

माझा असायला हवा होता तो. म्हणजे त्या रात्री धुण्यासारखं काहीतरी मी घेऊन गेलो असतो.

एक गोष्ट लिहायची राहिली. पाय धुऊन झाल्यावर येशूने वस्त्रं पुन्हा चढवली आणि जाऊन आपल्या जागी बसला. म्हणाला, तुम्ही मला गुरू आणि प्रभू म्हणता ते बरोबरच आहे. पद सोडलं नाही, मी कोण लागून गेलो असंही म्हणाला नाही. माझी मोठी सबब इथेच कोसळते. विभाग चालवायचा तर नम्र राहून कसं भागेल, असं मी नेहमी म्हणतो. त्याचं भागलं होतं.

घरी येऊन जेवलो. फोन हातात घेतला, ठेवला. सोमवारी कार्यालयात सगळ्यांसमोर सांगितलं तर बरं दिसेल, असं वाटून गेलं. 'बरं दिसेल' हे शब्द मनात आले आणि लगेच नंबर लावला.

दोनदा वाजल्याबरोबर त्याने उचलला. मागे कुणीतरी खोकत होतं. मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "सर? काही चुकलं का माझं?"