टपावरचं ऊन आणि कोकणातली गळती

व्हॅनच्या गळतीचा विषय काढला की सोलापुरात हमखास ऐकायला मिळतं, "आपल्याकडं पाऊस आहेच कुठं?" आमची कॅम्पर व्हॅन पाणी धरते ती आंबोलीच्या पावसात, हे खरं. पण त्या गळतीची तयारी होते इथंच, मेच्या उन्हात. पारा 42-43 वर असतो तेव्हा टपाचा पत्रा दिवसा ताणतो, रात्री आकसतो. सांधे बुजवायला लावलेलं सीलंट उन्हानं कडक झालेलं असतं, त्याला ही ओढाताण झेपत नाही आणि ते कडेनं सुटतं. केसाएवढी फट पुरते.

म्हणून मृगाच्या आधी, भल्या सकाळी पत्रा गार असताना मी शिडी लावतो. सपाट पत्र्यात बघण्यासारखं फारसं नसतं. जिथं जिथं भोक पाडलंय तिथं बघायचं: सोलर पॅनलचे स्क्रू, हवा खेळायला टपात बसवलेल्या व्हेंटची चौकट, केबल आत शिरते ती जागा. नख घालून सीलंट उचललं जात असेल तर ते पूर्ण खरवडायचं. वरून नवं सिलिकॉन फासून देणाऱ्या मिस्त्रीला मी हात लावू देत नाही, कारण वाळलेल्या सिलिकॉनवर नवं धरत नाही. जागा स्वच्छ पुसून चौकटीखाली ब्युटिल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी), कडेनं पॉलियुरेथेन सीलंट. वेळ जातो, जाऊ दे.

सीलंट वाळलं की साध्या पाइपनं पाणी मारायचं, खालून सुरुवात करून हळूहळू वर. एकदम टपावर सोडलं तर कुठून शिरलं ते कळत नाही. आत मुलगी टॉर्च घेऊन बसते आणि "पप्पा, थांबा!" म्हणून ओरडते. थेंब पडतो तिथंच भोक असतं असं नाही. पाणी अस्तरामागून हातभर सरकून येतं.

दुसरी ओल आपणच आत तयार करतो. एक किलो एलपीजी जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन हवेत मिसळतं, वर चौघांचे श्वास. कोकणात रात्री काचा बंद ठेवून भात शिजवला की सकाळी गादीखालचं प्लायवूड ओलं. त्यामुळे पाऊस असला तरी व्हेंट आणि समोरची एक खिडकी बोटभर उघडी ठेवतो.

घरी आलो की गादी उभी करून, चादरी उन्हात टाकून, सगळी दारं उघडतो. इथली कोरडी हवा त्या कामाला उत्तम. मात्र आमच्याकडचा मोठा पाऊस सप्टेंबरात येतो, तेव्हा ही वाळवणी ऑगस्टातच उरकलेली बरी.