हरिश्चंद्रगड, बाबांच्या पद्धतीने

बाबा भोसरीच्या एका कारखान्यात होते आणि त्या पट्ट्यात आठवड्याची सुट्टी गुरुवारी. बाकीचं जग रविवारी डोंगरात जायचं, आमचे बाबा बुधवारची पाळी संपवून एसटी पकडायचे. पायात कॅनव्हासचे हंटर शूज, सॅकमध्ये शिधा, आणि खिरेश्वरात शाळेच्या ओट्यावर पथारी. हरिश्चंद्रगडाची गर्दी त्यांनी कधी पाहिलीच नाही. निवृत्तीनंतर एकदा शनिवारी गेले, तर तंबूंच्या रांगा आणि स्पीकर बघून अर्ध्या तासात खाली उतरले होते.

पावसाळ्याच्या तोंडावर बाबा गेले. दिवसकार्य उरकलं आणि त्यांच्या डोंगरातल्या दोस्तांनी, म्हणजे आमच्या काका मंडळींनी ठरवलं की एकदा गडावर जाऊन यायचं. सगळे साठीच्या पुढचे, एकाचा गुडघा नवा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला, अर्थातच बुधवारी निघालो. ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हे जरा तपशिलात लिहिते आहे.

बाबांची लाडकी वाट खिरेश्वरची. माळशेज घाटाजवळच्या खुबी फाट्यावर उतरायचं, पिंपळगाव जोगा धरणाच्या कडेने गावात जायचं, टोलारखिंडीत दगडात कोरलेल्या वाघाला भेटायचं आणि मग कातळावर चढायचं. आता तिथे रेलिंग आहे, पण खरा दम त्यानंतरच्या चढ-उतारांच्या रानात निघतो. देऊळ आलं आलं म्हणता येतच नाही. धडधाकट माणसालाही चार-पाच तास लागतात. नळीच्या वाटेचं तर नावही काढू नका, ती दोर घेऊन जाणाऱ्यांची.

म्हणून आम्ही पाचनई धरली. पुण्याहून आळेफाटा, बोटा, ब्राह्मणवाडा, कोतूळ करत गाडी थेट पायथ्याला जाते. मुंबईकरांनी कसारा घाट चढून घोटी, राजूरवरून यावं. शेवटचा रस्ता अरुंद आहे, तो उजेडातच पार करा. मुक्काम गावातच केला. घरोघरी जेवणाची सोय होते. तांदळाची भाकरी, पिठलं आणि वर मिरचीचा ठेचा. तंबूचे नियम बदलत असतात, त्यामुळे वर राहायचं असेल तर वन विभागाच्या नाक्यावर आधी विचारा. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो.

सकाळी सहाला निघालो. सुरुवातीचा चढ आणि रेलिंगचा टप्पा संपला की वाट एका प्रचंड कातळाच्या पोटाखालून आडवी जाते. वरून पाणी ठिबकत असतं, तिथे पायाखाली शेवाळ बघून चाला. पुढे मंगळगंगेचा ओढा. पावसाळ्यात त्याला लोंढा आला असेल तर थांबायचं, दोर बांधून शौर्य दाखवायचं नाही. तरुण मंडळी दोन-अडीच तासांत पोहोचतात. आम्ही चार घेतले, कारण प्रत्येक सपाटीवर बाबांचा एक किस्सा निघायचा आणि तो कोणाच्या बाबतीत घडला यावर वाद. पठारावर सोनकी इतकी फुलली होती की वाटेच्या दोन्ही बाजू पिवळ्या.

बाबांचा एक शिरस्ता होता. वर पोहोचलं की आधी देऊळ, कडा सगळ्यात शेवटी. आजकाल लोक कोकणकड्याचा फोटो काढून देवळाच्या पायरीवरूनच परततात, याचा त्यांना फार राग. हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ तासाभरात संपणारं नाही. शिखरावरचं कोरीवकाम, आवारातल्या गुहा, पुष्करणीच्या भिंतीतले रिकामे कोनाडे, चांगदेवांनी इथे तप केलं ही परंपरा. दोन मिनिटांवर केदारेश्वराची गुहा. आत कमरेएवढं बर्फगार पाणी, मधोमध भलंमोठं शिवलिंग, चार खांबांतला एकच शाबूत. तो पडला की कलियुग संपणार, अशी समजूत. काका लोक पँट दुमडून पाण्यात उतरले आणि किंचाळले. पाण्याखाली दगड निसरडे आहेत, हात धरून प्रदक्षिणा घाला.

एका काकांनी बाबांच्या नावाची छोटी संगमरवरी पाटी सॅकमधून आणली होती, कोणाला न सांगता. देवळामागे कुठेतरी लावू म्हणाले. दुसरे काका म्हणाले, ‘‘तो असता तर ही तुलाच पाठीवर घालून परत न्यायला लावली असती.’’ खरंच होतं. दगडावर नावं कोरणाऱ्यांशी बाबा भांडायचे. संत्र्याची सालंसुद्धा खिशात घालून घरी आणायचे. कुजतात की, असं कोणी म्हटलं की सांगायचे, ‘‘कुजतात, पण त्याआधी माकडं शिकतात.’’ पाटी खाली आली. माझं मतही तेच: कोणाच्या आठवणीत जात असाल तर गडावर काही ठेवू नका, तिथलं एक पोतं प्लास्टिक खाली आणलंत तर बरं.

दुपारचं जेवण वरच्याच एका झोपडीत. मग तारामती शिखर (1429 मीटर) सोडून दिलं, गुडघ्याने तसा कौल दिला. कोकणकड्यापर्यंत रमतगमत पाऊण तास. कडा आत वळलेला आहे, त्यामुळे उभं राहून तळ दिसत नाही. कठड्याच्या भरवशावर राहू नका, काठावर उभंही राहू नका. पोटावर झोपून, मागून कोणीतरी पाय धरून बघा. वारा खालून वर येतो, टोप्या सांभाळा. कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने इथे इंद्रवज्र, म्हणजे पूर्ण गोल इंद्रधनुष्य पाहिलं होतं. त्यासाठी पाठीशी ऊन आणि समोर दरीत ढग हवेत. कडा पश्चिमेकडे बघतो, म्हणजे सकाळची वेळ साधायला हवी. आम्ही दुपारी गेलो, आम्हाला समोरचा नाफ्ता डोंगर दिसला आणि खालची कोकणातली हिरवी खाचरं. कड्यावर आमच्याशिवाय एक गुराखी आणि त्याची दोन कुत्री, बस.

उतरताना काठी हवीच, शक्यतो दोन, आणि नव्या गुडघ्याला आडवं उतरायला सांगा. तीनच्या आत कडा सोडा म्हणजे कातळाचा टप्पा उजेडात पार होतो. सुटे पैसे बरोबर ठेवा, रेंज नसल्याने फोनवरून पैसे जाण्याची खात्री नाही. आणि पाचनईत जेवायला थांबणार असाल तर सकाळी निघतानाच किती ताटं ते सांगून जा.