अहवालात नसलेला व्हाळ: जनसुनावणीचा माझा अनुभव

पेपरात जाहीर सूचना आली तेव्हा जनसुनावणी (प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल, त्या अहवालावर लोकांचं म्हणणं ऐकायची सरकारी बैठक) म्हणजे नक्की काय हेच आमच्या वाडीत कुणाला माहीत नव्हतं. खाडीवर जेट्टी होणार आणि तिथवर खाजणात (भरतीचं खारं पाणी शिरतं त्या जमिनीत) भराव टाकून रस्ता जाणार, एवढंच कानावर होतं. नियमाने निदान ३० दिवस आधी सूचना द्यावी लागते, पण त्यातले दहा दिवस आमचे विचारपूस करण्यातच गेले.

मराठीत अहवालाचा फक्त सारांश. पूर्ण अहवाल इंग्रजीत, तो जिल्हाधिकारी कार्यालयात बसून बघायचा, मग मी आणि शेजारचे काका दोन दिवस एसटीने गेलो. नकाशा उघडला तर काका म्हणाले, "अगो चेडवा, आपलो व्हाळ खंय आसा ह्यात?" व्हाळ म्हणजे आमचा पावसाळी ओढा. नव्हताच. वरच्या वाडीचं सगळं पाणी जून ते सप्टेंबर ज्या व्हाळातून खाडीत उतरतं, तो कागदावर कुठेच नाही, कारण मोजणी डिसेंबर ते फेब्रुवारीतली, तेव्हा तो कोरडा असतो. आणि अशा अहवालाला पावसाळा सोडून एका सीझनची मोजणी चालते म्हणे. कोकणात पाऊस सोडून पाण्याचा अभ्यास कसा होणार, मला अजून पटत नाही.

मग एक पानाचं पत्र लिहिलं, गट नंबर टाकले, जुलैतले फोटो जोडले (एकात पाणी तुळशी वृंदावनाच्या दुसऱ्या पायरीला लागलेलं दिसतं) आणि शिक्क्याची पोच घेतली.

सुनावणीत बोलले, शूटिंग चालू होतं, हात थरथरत होते. पण खरं काम नंतर होतं. इतिवृत्त त्याच दिवशी तिथेच मराठीत वाचून दाखवावं लागतं, आणि तोवर शेवटच्या एसटीसाठी निम्मा मंडप रिकामा झालेला. आमच्या मुद्द्याचं एकच वाक्य आलं, 'ग्रामस्थांनी पाण्याबाबत शंका व्यक्त केली.' मी उठून म्हटलं, साहेब, शंका नाही, व्हाळ आहे, गट नंबरासकट लिहा. लिहिलं, परत वाचून दाखवलं. तुमच्याकडे सुनावणी असेल तर हे वाचन होईपर्यंत कृपा करून उठू नका.

अंतिम अहवालात व्हाळ आलाय, बारीक निळी रेघ, आणि भरावाखाली एक मोरी. काकांनी दोरी धरून मोजलं, मोरी दीड मीटर आणि व्हाळ चार मीटर. या मापांचं पत्र परवाच अहवाल तपासणाऱ्या मूल्यांकन समितीला पाठवलंय.